धाकट्या जुव्याचा अर्ज

एका अख्ख्या प्रांताचा भूगोल, अर्थव्यवहार आणि इतिहास कोटाच्या आतल्या खिशात घालून हिंडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. प्रांत म्हणजे धाकटा जुवा. जुवा म्हणजे आमच्याकडे नदीतलं बेट. डिचोलीहून खाली येणाऱ्या नदीत, खनिज भरलेल्या बार्जी जिथे वळताना भोंगा वाजवतात, तिथे हा अकरा घरांचा जुवा. इतका लहान की या टोकाला कुणी शिंकलं तर त्या टोकावरून "थंडी बाधली काय रे?" अशी चौकशी यायची. पण मामांच्या तोंडावर त्याला बेट म्हणायची सोय नव्हती. "बेटावर शेरड्या राहतात. आमचा प्रांत आहे," असं ते सांगत, आणि तेही इतक्या गंभीरपणे की ऐकणारा चटकन माफी मागून मोकळा व्हायचा. होडीतून नदी ओलांडून ते साखळीला आमच्या घरी येत तेव्हा उंबऱ्यावरच विचारत, "काय, तुमच्या मुलखात कसं काय चाललंय?" मी साखळीच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर. मुलूख चालवणं माझ्याकडे नव्हतं, पण मामांना उत्तर द्यावं लागे. "ठीक आहे," म्हणालो की ते समाधानाने मान हलवत आणि चहा मागत.

तीस वर्षं त्यांनी जुव्यावरची एकशिक्षकी मराठी शाळा चालवली. दुसऱ्या शाळांतल्या पोरांना भूगोल म्हणजे नाईल नदी आणि सहारा वाळवंट. मामांच्या पोरांना आधी जुव्याच्या चतु:सीमा. उत्तर विभाग आणि दक्षिण विभाग अशी प्रांताची वाटणी त्यांनी स्वतःच केलेली होती, आणि सीमा कुठे, तर म्हणे शेजारच्या इनासाच्या फणसापाशी. सर्वोच्च शिखर म्हणजे मधला मातीचा उंचवटा, उंची साडेतीन छत्र्या. हो, छत्र्या! भर ओहोटीला चिखलात उतरून स्वतःच्या काळ्या छत्रीने त्यांनी ती मोजली होती. दर दोन-तीन वर्षांनी ते मला जुव्याचा नकाशा काढायला बसवत. एकदा मी म्हटलं, "मामा, गोवा कुठे दाखवू?" तर म्हणाले, "त्या खालच्या कोपऱ्यात जागा उरली असली तर दाखव." मी दाखवला. तिकिटाएवढा. प्रत्येक नव्या नकाशात जुव्याची कड मात्र थोडी आत सरकायची, कारण बार्ज गेली की तिच्या लाटा बांधावर आपटत आणि मातीचा एकेक घास घेऊन जात. मामा जुन्या नकाशावर नवा नकाशा ठेवून उजेडात धरत आणि दोन कडांमधल्या पट्टीवरून बोट फिरवत. मी पेन्सिलीला टोक करत बसे, दुसरं काय करणार?

अर्थव्यवहार त्यांच्या मते अगदी सोपा. निर्यात म्हणजे कोरगुटाचं लाल भात, सुंगटं (तुमची कोळंबी), नारळ आणि मुली. आयात म्हणजे रॉकेल, आगपेट्या, होडीतून येणाऱ्या पोदेराचे पाव आणि जावई. "तुझी सासू आमच्या निर्यातीतली," ते मला सांगत. "माल उत्तम होता. वापरणाऱ्याला सांभाळता आला नाही." सासरेबुवा समोर बसलेले असत, पण त्यांची हरकत मामांच्या कानापर्यंत कधी पोचली नाही. इतिहासात तर मामा फारच रमत. पोर्तुगीज अमदानीत म्हणे एकच अंमलदार जुव्यावर उतरला होता. त्याचा डावा बूट चिखलात रुतला तो तिथेच राहिला, आणि साहेब एका बुटानिशी परत गेला. "त्यानंतर आमच्यावर कोणी राज्य केलं नाही," असा त्या धड्याचा शेवट होता. मी हसलो तर रागावत. आणि रागवायचे तेही कोकणीतून. मामा बोलत, भांडत, देवाशी गाऱ्हाणं घालत ते कोकणीत. आकडे मोजत ते लहानपणी शिकलेल्या पोर्तुगीजमध्ये, उं, दोइश, त्रेश करत. पण हातात टाक आला की मराठी. त्या टाकातून दुसरी भाषा उतरलेली कोणी पाहिली नव्हती, आणि आमच्या भागात यात नवल वाटण्यासारखंही काही नव्हतं. माझे वडील धारगळचे, त्यांचंही तसंच होतं.

आता त्या बांधाचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच उभं होतं. जुव्याची शेती खाजणाची. म्हणजे शेत खाली आणि नदी वर. भोवती मातीचा बांध, आणि बांधात मानस. मानस म्हणजे लाकडी झडपांची मोरी. भरतीचं खारं पाणी चढलं की त्या पाण्याच्याच दाबाने झडप मिटते, ओहोटीला आपोआप उघडते आणि शेतातलं पावसाचं पाणी नदीत जातं. एवढी एक मोरी धड राहिली तर भात, विहिरींचं गोडं पाणी, गुरांचं गवत, सगळं धड. ती सांभाळणारा मानसकार म्हणजे इनास. तोही वयाने मामांच्याच जवळपास, अंगाने काटकुळा, कमरेला कायम ओला पंचा. लिहिण्यावाचण्याशी त्याचं देणंघेणं नव्हतं, सही तेवढी शिकला होता, तीही मामांकडूनच. पण डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून पाणी किती चढलं ते सांगायचा. चवथीच्या नेवऱ्यांचं, म्हणजे गणपतीतल्या करंज्यांचं, पहिलं ताट मामांकडून इनासाकडे जाई आणि नाताळचा गुळा-नारळाचा दोदोल इनासाकडून मामांकडे येई. दोघं मिळून बोलले म्हणजे जुवा बोलला, असं मानायची पद्धत होती. आणखी एक पद्धत होती, फार जुनी. बांधाचं काहीही काम निघालं की कागदावर अकराही घरांची सही लागे, आणि पहिली सही मानसकाराची. पाण्याशेजारी जो झोपतो त्याने आधी सांगायचं, मग बाकीच्यांनी. त्याच्या सहीआधी दुसऱ्याने सही करणं म्हणजे भलताच उर्मटपणा. तसं जुव्यावर कोणी कधी केलं नव्हतं.

ती वर्षं तुम्हाला आठवत असतील तर आठवत असतील. राज्य कधी होणार, भाषा कुठली होणार, यावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या दारासमोरून मान फिरवून जात होते. रस्त्यात झाडं तोडून आडवी टाकलेली, बसच्या काचा फुटलेल्या, साखळीच्या बाजारात भाजीवाल्याशी बोलतानासुद्धा माणूस जिभेला सांभाळून बोलायचा. नदीपलीकडचं हे वारं जुव्यावर यायचं काही कारण नव्हतं, पण आलं. चवथीच्या चारच दिवस आधी इनास मामांच्या ओसरीवर आला. मी तिथेच होतो. पंचाने हात पुसत तो म्हणाला, "मास्तर, मानशीच्या उजव्या वटेन कुर्लेन बीळ केलां. हांगासर मेरेन हात भितर वता." आणि त्याने कोपराच्या वर बोट टेकवलं. कुर्ली म्हणजे खेकडा. खेकड्याचं बीळ मुठीएवढं असेपर्यंत ठीक असतं, हात जायला लागला म्हणजे बांध पोटातून पोखरला. "सरकाराक अर्ज कर," इनास म्हणाला, "पूण कोकणींत कर. म्हजी सय पयली. म्हाका कळना त्या कागदार हांव सय मारचो ना." आता कळत नाही त्या कागदावर सही नाही, असं त्याच्या डोक्यात कोणी भरवलं होतं, की त्याचं त्यालाच वाटलं, देव जाणे. आजवर त्याने कितीतरी मराठी कागदांवर सह्या केल्या होत्या. मामांचा चेहरा उतरला. मग लाल झाला. "अर्ज आजमेरेन मराठींतच गेला," ते म्हणाले, "आनी मराठींतच वतलो." कोकणीत म्हणाले, हे सांगायला नकोच.

बारा माणसं, बारा टोपल्या आणि एक ओहोटी, एवढ्याने ते बीळ बुजलं असतं. पूर्वी तसंच करत. पण तरणी माणसं खाणीवर आणि बार्जींवर, घरी उरलेली म्हातारी आणि बायका, आणि बांधाचं काम सरकार करतं ही सवय आता अंगवळणी पडलेली. तेव्हा अर्ज हवा. मामा अर्ज लिहायला बसले, आणि तिथे त्यांच्यातला प्रांताधिपती जागा झाला. "साहेबाला कळलं पाहिजे की काय बुडणार आहे!" असं म्हणत त्यांनी जुव्याचा भूगोल लिहिला, मग हवामान, मग भाताच्या जाती, मग निर्यात, आयात, त्या अंमलदाराचा बूट, सगळं सगळं. अकरा पानं! बांध दुरुस्त करा ही विनंती अकराव्या पानावर, खालून चौथ्या ओळीत. आणि मी शहाणा, सोबत जोडायला नकाशा काढत होतो. दोन रविवार काढला. मामांना कड शाईने हवी होती, निळ्या. ती पुसली, पुन्हा काढली. आज विचार करतो तेव्हा स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. नकाशात मानशीपाशी लाल ठिपका दिला, तो गोल आला नाही म्हणून खाडाखोड करत बसलो, आणि तिथून हाकेच्या अंतरावर इनास एकटा कमरेभर चिखलात उभा राहून त्या बिळात माती आणि पेंढा कोंबत होता. रोज ओहोटीला कोंबायचा, रोज भरती ते धुऊन न्यायची. आम्ही त्याला ओसरीवरून पाहत होतो. त्या वर्षी नेवऱ्यांचं ताट गेलं नव्हतं.

अर्ज तयार झाला. मामांनी तो एका पोरीच्या हाती इनासाकडे पाठवला. तसाच परत आला. पुन्हा पाठवला, पुन्हा परत. बाकीची नऊ घरं म्हणाली, इनासाची होऊ दे, मग आमची. मी मामांना म्हटलं, "द्या ना दोन ओळी कोकणीत लिहून, काय बिघडतं?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी गोरगरिबाच्या ताटात थुंकलो असं मला वाटलं. इनासाला म्हटलं, "बाबा, मार ना एक सही." तो म्हणाला, "मास्तर स्वता येवंदी." मामा स्वतः गेले नाहीत. साठ पावलांचं अंतर. फणसापर्यंत जायचे, प्रांताच्या विभाग-सीमेपर्यंत, आणि छत्री टेकून परत यायचे.

सर्वपित्री अमावस्येला आम्ही सगळे जुव्यावर, मामांकडे म्हाळ, म्हणजे पितरांचं श्राद्ध. अमावस्येची भरती मोठी, आणि ती बरोबर दुपारी भरते. पानं वाढलेली, खीर, वडे, मामा सोवळ्यात. कावळ्याचं पान मांडवावर ठेवून आम्ही खाली उभे, आणि कावळा काही शिवेना. सगळ्या हिंदू घरांत हेच चाललेलं, त्यामुळे बांधावर त्या वेळी एकच माणूस होता. त्याची हाक ऐकू आली. "बांद! बांद!" एवढंच. मामा सोवळ्यासकट धावले, मी त्यांच्या मागे. पोचलो तेव्हा मानशीची उजवी बाजू बसली होती आणि नदी आत येत होती. मोठा आवाज नाही, काही नाही. घरात पाहुणा शिरावा तसं सावकाश, रुंद होत होत पाणी आलं. त्या वर्षी कोरगूट छातीएवढा वाढला होता, दाण्यात नुकतं दूध भरलं होतं. इनास त्या भगदाडात उभा होता, दोन्ही हात पसरून, जसा काही तो अडवणार होता. मी आणि मामांनी त्याला ओढून बाहेर काढलं. मामांनी त्याचा दंड धरला होता, तो त्याने सोडवून घेतला आणि पाठ करून उभा राहिला. मग मामा खाली बसले, तिथेच चिखलात. घरी परतलो तेव्हा पानं कुत्र्यांनी नेली होती.

भात आठ दिवसांत पांढरं पडलं. पंधरा दिवसांत विहिरी खारट झाल्या. मग एकेक घर होडीत बसायला लागलं. कुणी साखळीला भावाकडे, कुणी पेडण्याला सासुरवाडीला, कुणी खाणीजवळच्या खोल्यांत. होडीत आधी देव, मग भांडी, मग म्हातारी माणसं, आणि गुरं मागून पोहत. इनास मुलीकडे वास्कोला गेला. जाताना मामांच्या दारावरून गेला नाही, लांबून, पाण्यातून गेला. दोन महिन्यांनी बुडीत शेतीच्या पाहणीला एका खात्याचे साहेब आले. होडीतून उतरलेसुद्धा नाहीत. मामांनी सहीविना अकरा पानं त्यांच्यापुढे धरली. साहेबांनी पहिलं पान पाहिलं, शेवटचं पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, आता इथे आहे कोण? एवढ्याशा जागेसाठी एवढा खर्च कोण मंजूर करणार?" एवढीशी जागा! मामा एरवी अशा माणसाला साडेतीन छत्र्यांचं शिखर चढवून आणायचे. त्या दिवशी "होय साहेब," एवढंच म्हणाले. मला ते ऐकवेना, मी विहिरीकडे निघून गेलो.

पुढल्या उन्हाळ्यात गोवा राज्य झालं. भाषांचंही काय व्हायचं ते झालं, दोन्ही राहिल्या, दोन्हींतून कागद चालायला लागले. साखळीत फटाके, पेढे. मी पेढ्याचा पुडा घेऊन जुव्यावर गेलो. मामा एकटेच राहत होते तिथे, पलीकडून घागरीने पाणी आणून. पेढा हातात घेऊन म्हणाले, "तुमचं राज्य झालं, बरं झालं." मग म्हणाले, "प्रजा नसलेला राजा बघायला आलास?" मी पुडा बांधून ठेवला. थोड्या वेळाने त्यांनी कोट चढवला, अकरा पानं आतल्या खिशात घातली आणि म्हणाले, "मला वास्कोला ने."

होडी, मग पणजीची बस, मग वास्कोची. बंदरापाशी रेल्वेलाइनच्या मागे एका खोलीत इनास लेकीकडे होता. खिडकीशी कादेर, म्हणजे खुर्ची, टाकून बसलेला, पंचा कोरडा. त्याला कोरडा मी प्रथमच पाहत होतो. मामांना पाहून उठला नाही, पण लेकीला म्हणाला, "मास्तराक बसूंक दी." मामा बसले नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी अर्ज काढला आणि वाचायला लागले. कागदावर मराठी होतं आणि तोंडातून कोकणी येत होती, एकदाही न अडखळता, जशी ते रोज बोलत तशी. नदी, वारा, कोरगूट, सुंगटं. बुटापाशी आले तेव्हा इनास फिस्सकन हसला. "मानशीची राखण करणारे इनास यांच्याइतका पाण्याचा जाणकार या प्रांतात दुसरा नाही," असं सातव्या पानावर एक वाक्य होतं. मलाही ठाऊक नव्हतं. तिथे मामांनी पान डोळ्यांजवळ धरलं, पण वाचन थांबवलं नाही. अकरावं पान संपायला पाऊण तासही लागला नसेल.

मग इनासाने विचारलं, रागाने नाही, एखादं पोर विचारतं तसं, "मास्तर, हें तेन्नाच म्हाका वाचून कित्याक दाखयलें ना?"

तेव्हाच का वाचून दाखवलं नाही! मी तर तेव्हा लाल ठिपका काढत होतो. मामा इनासाच्या पायांपाशी जमिनीवर बसले. म्हणाले, "चुकलों रे." इनास म्हणाला, "हांवूय," म्हणजे मीही. मग त्याने हात पुढे केला आणि टाक मागितला. शेवटच्या पानावर, सह्यांच्या पहिल्या ओळीत, मामांनीच शिकवलेल्या वाकड्या अक्षरांत त्याने सही केली. तिच्याखाली मामांनी आपली केली. लेकीने चहा केला, पाव दिले. दोघांनी एकाच बशीत बुडवून खाल्ले.

परतीच्या बसमध्ये मला वाटलं, झालं, सुटलो. पण मामा बोटं मोजत होते. "नोव," ते म्हणाले. "नऊ घरं राहिली." आणि त्यानंतर दर रविवारी मामा आणि मी जुवा गोळा करत हिंडलो. साखळीचे तर जवळच होते. पेडण्याला गेलो, धारगळच्या हमरस्त्यावर एकाने गाडा टाकला होता तिथे गेलो, खाणीजवळच्या खोल्यांत गेलो. प्रत्येक घरी मामा अकराच्या अकरा पानं वाचून दाखवायचे. बायका पदर डोळ्यांना लावायच्या, पोरं शिखराची उंची ऐकून खिदळायची, आणि मग सही व्हायची. मी एकदा विचारलं, "मामा, बांधच नाही उरला. आता अर्ज कशाला?" ते म्हणाले, "अर्ज पुरो जावंक जाय रे." पुरा व्हायला हवा, एवढंच. आठ घरं झाली. मग पावसाळ्यात मामा आमच्याकडे अंथरुणाला खिळले आणि त्यातच गेले.

नववं घर राहिलं होतं, ते मी नंतर हुडकून काढलं आणि गेलो. वाचूनही दाखवलं. मला मामांसारखं वाचता येत नाही, मध्ये मध्ये अडखळलो, तरी त्यांनी ऐकून घेतलं. आता अकराही सह्या आहेत. अर्ज पुरा आहे, नियमाप्रमाणे आहे, पहिली सही मानसकाराची आहे. माझ्या कपाटात ठेवलाय. तो नेऊन द्यायचा कोणाला, एवढं विचारायला मामा हवे होते.